बुरुजावरचं शीड

आमच्या गावच्या कोटावर पाहुणा आला की तो हमखास एकच प्रश्न विचारायचा. समुद्राकडची भिंत इतकी बुटकी कशी? किल्ला समुद्राकाठचा, शत्रू समुद्रातून येणार, म्हणजे भिंत तिकडे उंच हवी, असा त्याचा सरळ हिशेब. आमच्या कोटाचं सगळं उलटं. डोंगराच्या बाजूला भिंत तीन पुरुष उंच आणि समुद्राकडे जेमतेम छातीपर्यंत. पाहुण्यानं विचारलं की गावातली माणसं हसायची आणि उत्तर द्यायची नाहीत. उत्तर न देणं हा आमच्या गावचा पिढीजात धंदा होता. मी आज हे लिहायला बसले आहे ती त्या धंद्याच्या रागानं. इतकी वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

गावाचं नाव सांगत नाही. माणसांची नावंही लिहिणार नाही. मेलेल्यांना त्रास नको आणि जिवंतांना भांडायला निमित्त नको. अलिबागहून मुरुडकडे जाताना, काशीदच्या अलीकडे, एक खाडी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण काठावर आमची कोळ्यांची वस्ती. वस्तीच्या पुढे डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे आणि त्या टोकावर कोट. कोटाच्या पायाशी काळा कातळ लांबवर पाण्यात पसरला आहे, त्याला आम्ही खडप म्हणतो. ओहोटीला खडप उघडं पडतं, तेव्हा आम्ही बायका त्यावर कालवं फोडायला जायचो. भरतीला ते हातभर पाण्याखाली जातं आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. कोटाच्या दुसऱ्या अंगाला, खाडीकडे, तिवरांचं रान आणि मांडीपर्यंत चिखल. त्या चिखलात शेजारच्या गावातली एक म्हैस रुतली, ती तिथेच गेली. दोर लावून चार गडी ओढत होते, तरी निघाली नाही.

आता कोट बांधणाऱ्याची अक्कल बघा. खाडीकडून चिखल राखण करतो. समुद्राकडून खडप राखण करतं. उघडी राहते ती डोंगराची एक बाजू, म्हणून भिंत तिकडे. त्यानं आधी जागा वाचली असणार आणि जिथे जागा कमी पडली तेवढ्यापुरतेच दगड रचले असणार. दगडही बिनचुन्याचे, एकावर एक नुसते बसवलेले. लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच परत येतं, भिंतीला धक्का बसत नाही. कोट कोणी बांधला यावर गावात दोन मतं होती आणि दोन्ही मतांची माणसं होळीला एकमेकांची डोकी फोडायला निघत. पण बांधणारा कोणीही असो, तो हुशार होता. मला त्याच्या हुशारीची भीती वाटते.

कारण खडपातून खाडीत शिरायची वाट एकच आहे, आणि ती अरुंद आहे. ती सापडावी म्हणून उत्तर काठावर एक खूण होती. तिथे माणसापेक्षा मोठा एक धोंडा आहे. दर नारळी पुनवेला गावातले पुरुष शिंपल्या भाजून चुना करत आणि तो धोंडा पांढराशुभ्र फासत. धोंड्याच्या मागे, दूर डोंगरात, एक खिंड दिसते. समुद्रातून येताना धोंडा बरोबर खिंडीखाली आला की समजायचं, होडी वाटेवर आहे. मग धोंड्यावर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धरायची आणि सरळ आत यायचं. आम्हा बायकांना मात्र एवढंच ठाऊक की तो पांढरा देव आहे, त्याला चुना लावायला पुरुषच जातात आणि बायकांनी लांबूनच हात जोडायचे.

याचा दुसरा अर्धा भाग आहे तो दक्षिणेचा बुरूज. खडपाच्या अगदी माथ्यावर उभा, काळाकुट्ट, सगळ्या कोटात समुद्रातून पहिला दिसणारा. जुन्या काळी फिरंग्यांची किंवा जंजिऱ्याकडची गलबतं येताना दिसली की कोटावरची माणसं पांढऱ्या धोंड्यावर काळी कांबळी टाकायची आणि काळ्या बुरुजावर पांढरं कापड पसरायची. गलबतावर किनाऱ्याची माहिती असलेला वाटाड्या असायचा. त्याला एवढंच कळलेलं असायचं की पांढऱ्यावर नाळ धरायची. तो धरायचा, आणि गलबत भरतीच्या जोरावर खडपावर चढायचं. कोटावर एक तोफ होती, ती कधी उडाल्याचं कुणाला आठवत नाही. कापडानं भागत होतं, तर तोफेला दारू कोण घालतो?

हे मला माझ्या बापानं सांगितलं, पण फार उशिरा. सांगायला त्याला मुलगा उरला नव्हता, म्हणून मला सांगितलं. मी तुम्हाला आधीच सांगून टाकते आहे, कारण त्या दिवशी आय आणि मी त्या बुरुजावर काय करत होतो हे आम्हाला कळत नव्हतं, तुम्हाला तरी कळावं.

खूण बापानं मुलाला सांगायची, आणि तीही समुद्रात, होडीवर. घरात तिचा उच्चार करायचा नाही. बायकांना सांगायची नाही, कारण आई परगावची असते आणि मुलगी परगावी जाणार असते. सासरी गेलेली पोर खूण घेऊन जाते, असं आमचा आजा म्हणायचा. फिरंगी गेले, गलबतं गेली, रेवसहून मुंबईला आगबोटी जायला लागल्या, तरी आमच्या गावात हे चालूच होतं. सुंभ जळला तरी पीळ जळला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत काय आहे हे बघायला जगात कोणी उरलेलं नव्हतं, तरी आम्ही ती आवळून बसलो होतो.

पण बुरुजावर कोणी पांढरं वाळत घालू नये याचा तर बंदोबस्त हवा. खरं कारण सांगायचं नाही, म्हणून मग खोटं सांगितलं. काळ्या बुरुजावर फुरशी आहेत, बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. फुरसं म्हणजे वीतभर लांबीचा साप, पण चावलं की माणूस आठवडाभर कुजत मरतो. कोकणात फुरशाचं नाव काढल्यावर कोण बाई दगडाच्या फटीत पाय घालेल? पिढ्यान्पिढ्या कोणी घातला नाही.

ते वर्ष एकोणीसशे तीसच्या आगेमागचं. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. माझा भाऊ, मी त्याला दादा म्हणायची, त्या नारळी पुनवेला पहिल्यांदा तांडेल म्हणून होडीवर उभा राहिला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हाती आणि माणसांचा जीवही त्याच्याच हाती. बानं स्वतः सुकाणू त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आता मी घरात बसून तुझ्या चुका काढणार." दादा हसला. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, म्हणून तो हसताना ओठ मिटायला बघायचा आणि ते त्याला जमायचं नाही. बा खरोखरच आनंदात होता. तो आनंदात असला की सगळ्यांना टोमणे मारायचा, आणि त्या आठवड्यात त्यानं कोणालाच सोडलं नाही.

आयनं आधीच ठरवलं होतं, तांडेल नवा तर शीडही नवं. आमच्या मचव्याचं जुनं शीड इतक्या ठिगळांचं झालं होतं की मूळचं कापड कुठलं ते शोधावं लागे. मुंबईहून मांजरपाट आलं. आय, मी आणि शेजारच्या बायका आषाढभर ओटीवर बसून पट्टे जोडत होतो. माझ्या बोटांना तेव्हा पडलेले घट्टे अजून हाताला लागतात. आय रेवसची. तिचा हात चपळ आणि आवाज असा, की बा म्हणायचा, ही रेवसच्या धक्क्यावर बोलली तर भाऊच्या धक्क्यावर हमाल उठून उभे राहतात. शिवताना तिचं एकच पालुपद होतं, दादा लांबून येताना आपलं शीड सगळ्यांत आधी ओळखू आलं पाहिजे.

शिवून झालं. आता कोरं कापड तसंच चढवत नाहीत. आधी धुऊन त्यातली खळ काढायची, कडकडीत वाळवायचं, मग ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ते तांबडं-काळं करायचं. म्हणजे खारं पाणी कापड कुजवत नाही. धुवायला गोडं पाणीच लागतं. त्या वर्षी पावसानं गावच्या विहिरीची एक बाजू ढासळली होती आणि पाण्याला गाळाचा रंग आला होता. कोटात मात्र कातळात खोदलेली विहीर आहे, समुद्रापासून चार पावलांवर आणि पाणी गोड. दादा मुंबईला मासळी घेऊन गेला होता, बरोबर आमचा काका आणि दोन गडी होते. बा पहाटेच डोंगर ओलांडून अलिबागला दोर आणि खिळे आणायला गेला. जाताना आयला म्हणाला, "शिडाचं बघ गो, ऊन हाय तवर." एवढंच बोलला.

आम्ही दोघी शीड डोक्यावर घेऊन कोटात गेलो. विहिरीवर धुतलं. ओलं शीड किती जड होतं हे ज्यानं उचललं त्यालाच कळेल. आता वाळवायचं कुठे? पायथ्याला वाळू, ती कापडात शिरली की कापड कापते. आतल्या पटांगणात गुडघाभर ओलं गवत. डोंगराकडची भिंत इतकी उंच की वर चढवणार कोण? आणि विहिरीच्या अगदी बाजूला तो काळा बुरूज, उन्हानं तापलेला, वारा सरळ अंगावर घेणारा.

"आये, तिथं फुरशी हायेत ना?" मी म्हटलं.

"हायेत तं हायेत," आय म्हणाली. "काठी कशाला हाय?"

तिनं काठी घेतली आणि बुरुजाची एकेक फट बडवून काढली. खेकडे निघाले. एक सरडा निघाला आणि तिच्याकडे मान हलवत बसला. बाकी काही नाही. आय कमरेवर हात ठेवून हसली. "ही बघ तुज्या आज्याची फुरशी," ती म्हणाली. "बाप्यांना स्वतःला चढायचा कंटाळा, म्हणून नाव सापांचं." मलाही हसू आलं. सांगितलेलं कारण आम्ही तपासून बघितलं होतं आणि ते खोटं निघालं होतं. त्याच्या मागे दुसरं कारण असेल हे आमच्या मनात कसं येणार?

आम्ही बुरुजाच्या समुद्राकडच्या अंगावर शीड सोडलं आणि वरून कडांवर दगड ठेवले. अख्खा बुरूज झाकला. उन्हात ते कापड असं चमकायला लागलं की डोळ्यांना त्रास व्हावा. आय मागे सरून बघत राहिली. तिचा लेक तांडेल झाला होता आणि त्याचं शीड तिच्यासमोर पसरलं होतं. त्या क्षणाइतकं सुखी मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

दुपारी भरती चढली आणि खडप पाण्याखाली गेलं. श्रावण म्हणजे ऊन-पावसाचा खेळ. आमच्यावर लख्ख ऊन होतं, पण उत्तरेकडून एक सर आली आणि खाडीच्या त्या काठावर उभी राहिली. आधी खिंड गेली. मग डोंगर गेला. मग पांढरा धोंडा दिसेनासा झाला. आमच्याकडे एक थेंब नव्हता. आयनं वर बघितलं, सर आपल्याकडे येणार नाही असं ठरवलं आणि सुपारी कातरायला घेतली. वारा मात्र बदलला होता. पाण्याचा रंग शिशासारखा झाला होता आणि खडपावरचे बगळे कधीच उडून गेले होते. मला उगाचच घरी जावंसं वाटायला लागलं. मी तसं म्हटलंही. आय म्हणाली, "अजून दमट हाय."

तेवढ्यात मचवा दिसला. आमचाच, ठिगळांवरून ओळखू आला. तो सरीच्या कडेनं बाहेर येत होता आणि काही वेळ एका जागी घुटमळल्यासारखा वाटला. मग त्याची नाळ वळली आणि तो सरळ आमच्याकडे यायला लागला.

आय उठून उभी राहिली. "बघ," ती म्हणाली, "बघ, आपल्याकडंच येतोय! शीड दिसलं त्याला!"

तिला वाटलं, दादानं नवं शीड लांबून ओळखलं आणि बघायला जवळ येतो आहे. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघी हात हलवायला लागलो. वारा मागून होता, भरती आत ओढत होती, मचवा चांगल्या वेगानं येत होता. सुकाणूवर उभा असलेला दादा मला दिसला. त्यानंही हात वर केला. आम्हाला बघून केला की पांढरं बघून, हे मला कधीच कळलं नाही.

मागे डोंगरावर कोणीतरी ओरडत होतं. मी वळून बघितलं. आमच्या गावाच्या वाटेवर, उतारावर, बा होता. तो पळत होता. मी माझ्या बापाला त्याआधी कधी पळताना बघितलं नव्हतं. तांडेल माणूस, तो घर जळत असतं तरी चालत आला असता. त्यानं डोक्यावरची लाल टोपी काढली होती आणि तो ती हवेत फिरवत होता. दोराचं भेंडोळं त्यानं मध्येच टाकून दिलं. तो काय ओरडतो आहे ते वाऱ्यानं आमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. नंतर त्यानं सांगितलं, तो "काढा, काढा" म्हणत होता.

आयनंही वळून बघितलं. तिला वाटलं, बुरुजावर चढलो म्हणून रागावला आहे. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तिच्या त्या आवाजात, वाऱ्याच्या दिशेनं, ओरडली, "फुरशी न्हायत! एक पण न्हाय!"

ते त्याला ऐकू गेलं. तो पळता पळता गुडघ्यावर पडला, उठला आणि पुन्हा पळायला लागला.

आवाज मोठा झाला नाही. मला वाटायचं अशा वेळी मोठा आवाज होतो. ओलं लाकूड पायाखाली मोडावं तेवढाच झाला. मचवा पुढून उचलला गेला, तसाच थांबला, आणि मागून आलेल्या लाटेनं त्याला आडवा केला. सुकाणूचा दांडा उसळला आणि दादा त्याच्या फटक्यानं बाहेर फेकला गेला, पाण्यावर नव्हे, पाण्याखालच्या कातळावर. काका आणि दोन्ही गडी फळकुटांना धरून राहिले आणि वाचले. दादा पुन्हा वर आला नाही. हे सगळं आमच्यापासून इतक्या जवळ झालं की मला मचव्यातल्या टोपल्या ओळखू येत होत्या.

बा वर आला तेव्हा त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही, समुद्राकडेही बघितलं नाही. आधी त्यानं शिडाच्या कडेचे दगड ढकलून दिले आणि शीड ओढून आत घेतलं, दोन्ही हातांनी, वेड्यासारखं, चुरगळून. मग तो खडपावर उतरला. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला. लेक पाण्यात आहे आणि हा कापड गोळा करतो!

दादा दुसऱ्या भरतीला मिळाला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

गावाला बानं सांगितलं, सरीत वारा फिरला, सुकाणू मोडलं. सुतक संपल्यावर एक दिवस मी काकाला जाळं ओढायला मदत करत होते, तेव्हा तो आपण होऊन बोलला. तो म्हणाला, मी त्याला बोललो व्हतो, सर जाऊ दे, नांगर टाकू. खिंड दिसत न्हाय, काठ कुठला तेही कळत न्हाय. तं तो बोलला, खिंड कशाला पायजे काका, धोंडा दिसतोय की ढळढळीत. चला, आलो घरी. काकानं एवढं सांगितलं आणि जाळं सोडून रडायला लागला. मी त्याला विचारलं, कुठला धोंडा, त्या काठाला तर पाऊस होता. काकानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की आम्हाला, मला आणि आयला, काहीच माहीत नाही.

मी बाकडे गेले. भांडायलाच गेले. त्यानं मला होडीत बसवलं, खडपाबाहेर नेलं आणि धोंडा, खिंड, बुरूज सगळं दाखवलं. कांबळी आणि पांढरं कापड, सगळं. बोलताना त्याचा आवाज इतका साधा होता की मला त्याला मारावंसं वाटलं. मी म्हटलं, हे घरात का नाही सांगितलंस? तो म्हणाला, बायकांना सांगत न्हाय. मी म्हटलं, फिरंगी कुठे आहेत आता? त्यानं होडी वळवली. परत येताना तो एवढंच म्हणाला, "आयला सांगू नको. तिचा जीव जाईल." मी कबूल केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

ज्यांना मी हे पुढे सांगितलं ते कधीकधी विचारतात, तूही होतीस ना बुरुजावर, मनाला खातं का? नाही खात. आम्ही दोघींनी फटी बडवून बघितल्या होत्या. साप आहेत असं सांगितलं होतं, ते नव्हते. त्यापुढे आमच्याकडून कुणाची काय अपेक्षा होती? जागेनं आपलं काम चोख केलं. चिखलानं केलं, खडपानं केलं, बुरुजानंही केलं. कोट शत्रूची वाट बघत इतकी वर्षं बसून होता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं की आता येणारा आपला आहे. मला राग आहे तो जिवंत माणसांचा.

आय महिनाभर बोलली नाही. रडली नाही, भांडली नाही, बाजाराला गेली नाही. शीड माळ्यावर पडून होतं, तिकडे कोणी बघत नव्हतं. मग दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी तिनं ते स्वतः खाली ओढलं. अंगणात मोठी कढई चढवली, ऐनाची साल टाकली, जाळ केला. कापड फुकट घालवायचं नाही, काकाच्या होडीला होईल, असं मला म्हणाली. पाण्याला उकळी आली आणि रंग चढला. ती काठीनं शीड आत ढकलायला लागली, एकेक घडी. पांढरं आत जायचं आणि तांबडं होऊन वर यायचं. बा ओटीवर बसून जाळं सांधत होता.

आयनं मान वर केली नाही. काठी चालूच होती. "अवो," ती म्हणाली, "त्या बुरुजावर फुरशी कधी व्हती का?"

बाचा हात थांबला. मी मनात म्हटलं, हो म्हण. एकदा तरी हो म्हण. आजवर इतकं खोटं बोललास, आज अजून एक बोल, तिच्यासाठी बोल. त्यानं हातातल्या सुतळीची गाठ आवळली.

"न्हाय," तो म्हणाला.

"कधीच?"

"कधीच न्हाय."

शिडाचा एक कोपरा अजून वर राहिला होता, कोरा, पांढरा. आयनं त्याच्यावर काठी टेकवली आणि तो पूर्ण बुडेपर्यंत दाबून धरला.

"मग तसं सांगायचं व्हतं," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "जाळ विझतोय. लाकूड आत सार."